कपाटामागची गॅलरी

मास्तरांनी आयुष्यभर माणसं मोजली. छाती, कंबर, बाही, गळा. त्यांचं माप अर्ध्या इंचानेही चुकत नाही, असं लोक म्हणत. शिवणाचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीला ते मास्तरच. मोजपट्टी अजून गळ्यातच असे.

म्हणूनच त्यांना पक्कं ठाऊक होतं, की आपलं घर पाचशे अठ्ठावीस चौरस फूट आहे.

अर्जावर त्यांनी चारशे शहाऐंशी लिहिलं होतं.

पालिकेचा नियम साधा होता. घर स्वतःचं, राहणारे पासष्टीच्या पुढचे आणि जागा पाचशेच्या आत असेल, तर घरपट्टी निम्मी. पूर्वी घर खरोखरच पाचशेच्या आत होतं. अकरा वर्षांपूर्वी मास्तरीणबाईंचं कंबरेचं हाड मोडलं आणि जिने संपले. तेव्हा मास्तरांनी मागची उघडी गॅलरी फळ्या आणि काचा लावून बंद केली. साडेदहा फूट लांब, चार फूट रुंद; बंद झाल्यावर तीही मोजणीत धरली जाते. तिथे बाईंची खुर्ची, एक उशी, दोन कुंड्या. खाली रस्ता. बाई दिवसभर तिथून जग बघत आणि मास्तरांना बातम्या पुरवत.

चार वर्षांपूर्वी सवलतीचा अर्ज भरताना मास्तरांनी ती गॅलरी सोडून दिली. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की माहिती खोटी निघाल्यास पहिल्या वर्षापासूनची वसुली दंडासह होईल. मास्तरांनी ते चष्मा लावून वाचलं. मग सही केली. आता चार वर्षांची वसुली दंडासह एकदम भरायची म्हणजे घर विकणंच आलं.

गेल्या आठवड्यात खालचा दुकानदार म्हणाला, "मास्तर, निवडणूक आटपली की मोजणीवाले निघणार म्हणे. त्यांच्याकडे आता यंत्र असतं. बटण दाबलं की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आकडा हजर. तुमची पट्टी आता जुनी झाली!"

मास्तर हसले. जिना चढताना मात्र त्यांना दोनदा थांबावं लागलं.

घरी आल्यावर त्यांनी जुन्या दुकानातून घरी आणलेलं मोठं कपाट ओढायला सुरुवात केली. त्याच्या दाराला पूर्ण उंचीचा आरसा होता. गिऱ्हाईक त्यात मागूनपुढून स्वतःला बघायचं. तासाभराने कपाट गॅलरीच्या दारावर येऊन बसलं. दार नाहीसं झालं.

"आणि मी कुठे बसू?" बाईंनी विचारलं.

"स्वयंपाकघरात. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तुम्ही मला भिंतीत चिणलंत तरी म्हणाल, चार दिवसांचा प्रश्न आहे."

"अगं, हळू बोल."

"कोण ऐकतंय? भांडी?"

त्या दिवसापासून बाई स्वयंपाकघरात, सिंककडे तोंड करून बसल्या. बातम्या बंद झाल्या. बोलणंही जवळजवळ बंदच. मास्तरांना रस्त्यात हातात कागद असलेला प्रत्येक माणूस मोजणीवाला दिसू लागला. दाराची बेल वाजली की ते आधी कपाटाकडे बघायचे. एकदा गॅसवाला आला, तर त्यांनी त्याचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं.

मतदानाला चार दिवस होते. ज्यांना चालता येत नाही त्यांचं मत आधीच, घरी येऊन घेणार होते. बाईंनी त्यासाठी महिन्यापूर्वीच अर्ज केला होता. या वेळी मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली एक प्रश्नही होता. ज्येष्ठांची घरपट्टीतली सवलत चालू ठेवावी का? हो किंवा नाही.

"हो वर शिक्का मार," मास्तर म्हणाले. "वाचणार नाही आपण नाहीतर."

"बघू," बाई म्हणाल्या. "ज्या सवलतीपायी माझी खोली कपाटामागे गेली, ती मला कशाला हवी, याचा विचार करतेय."

मास्तरांना वाटलं, चेष्टा करतेय. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

गुरुवारी सकाळी अकराला बेल वाजली. तिघं होते. पुढे शाळेतल्या एक बाई, त्या पथकाच्या प्रमुख. मागे एक पोलीस. मधे हातात सीलबंद पेटी घेतलेला बुटका माणूस, कपाळावर चामखीळ असलेला.

ही चामखीळ मास्तर विसरणं शक्य नव्हतं. चार वर्षांपूर्वी घरपट्टीच्या तीन नंबरच्या खिडकीत याच माणसाने त्यांचा अर्ज घेतला होता. निवडणुकीच्या कामाला पालिका आपलीच माणसं लावते, हे त्यांना माहीत होतं. ती माणसं कुठल्या खात्यातून येतात, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

"मास्तर ना तुम्ही?" कारकून म्हणाला. "माझ्या भावाचा लग्नाचा कोट तुम्ही शिवलात. अजून घालतो तो. बटण लागत नाही, पण घालतो."

"बसा ना," मास्तर म्हणाले.

शाळेतल्या बाईंनी टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मान वाकडी करून पाहिलं.

"आरशात सगळं दिसतंय. यावर काही टाकता येईल?"

"टाकतो, टाकतो!" मास्तर चादर आणायला असे धावले, की पट्टी गळ्यातून खाली पडली.

"नको," स्वयंपाकघरातून आवाज आला. बाई काठी टेकत दारात उभ्या होत्या. चार दिवसांत त्या पहिल्यांदाच स्वतःहून उठल्या होत्या. "मत गुप्त द्यायचं असतं ना?"

"हो आजी."

"मग मला माझ्या खोलीत देऊ दे. कपाटामागे आहे ती."

मास्तरांच्या हातातली चादर जमिनीपर्यंत लोंबत होती. आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि त्यामागे कारकुनाचा. कारकून कपाटाच्या वरच्या कडेकडे बघत होता. तिथे मागच्या दाराची चौकट दोन बोटं बाहेर डोकावत होती.

"अगं, तिथे काय..." मास्तर म्हणाले.

"अहो, सरका जरा," बाई म्हणाल्या.

कारकुनाने पेटी पोलिसाकडे दिली. बाह्या वर केल्या आणि कपाटाला खांदा लावला. क्षणभर थांबून म्हणाला, "मास्तर, एकट्याने हलणार नाही."

मास्तरांनी दुसरीकडून हात लावला. ज्या कपाटाने गॅलरी लपवली होती, तेच मास्तर आता बाजूला ढकलत होते. दार उघडलं. ऊन आत आलं. कुंड्यांमधली माती तडकली होती. बाई खुर्चीत बसल्या, उशी पाठीशी घेतली आणि मतपत्रिका मांडीवर ठेवून दार लोटून घेतलं.

बाहेर कारकून उभा होता. नजर दारावरून छताकडे, छताकडून फरशीकडे गेली. मास्तरांना ती नजर ओळखू आली. तेही माणसाला असंच बघत. पट्टी न लावता.

बराच वेळ लागला. मग बाईंनी हाक मारली. घडी घातलेली पत्रिका पेटीत पडली.

शाळेतल्या बाईंनी अहवालाचा कागद भरला. मतदान कुठे झालं, असा त्यात एक रकाना होता. "मागची बंद गॅलरी," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि तसंच लिहिलं. घरातला साक्षीदार म्हणून मास्तरांची सही हवी होती. मास्तरांनी ते चष्मा लावून वाचलं. मग सही केली.

जाताना कारकून उंबऱ्याशी रेंगाळला. बाकीचे दोघं जिन्यात पोचले होते.

"आज मी निवडणुकीचा माणूस आहे, मास्तर. सोमवारी परत तीन नंबरच्या खिडकीत असेन." तो थोडा थांबला. "मोजणी पुढच्या बुधवारी सुरू होते. त्याआधी माणूस स्वतःहून आला, तर साहेब हप्ते बांधून देतात. दंडाचं मी सांगू शकत नाही. खरंच नाही सांगू शकत."

त्याची पावलं खालपर्यंत ऐकू आली.

मास्तर कपाटापाशी गेले. हात टेकवला.

"कपाट सरकवायचं नाही," आतून बाई म्हणाल्या. "आणि कुंड्यांना पाणी आणा. समोरच्या दुकानावर नवी पाटी लागलीय. तुम्हाला दिसली नसेल. खाली मान घालून चालता."

त्यांनी पाणी आणलं. ओतताना निम्मं फरशीवर गेलं. तिने हो वर शिक्का मारला की नाही वर, हे विचारायचं होतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं नाही. विचारायचीही भीती वाटली.

मग त्यांनी खाली पडलेली पट्टी उचलून आणली आणि ते गुडघ्यांवर बसले. पट्टीचं टोक भिंतीशी धरायला बाईंनी काठी पुढे केली आणि दाबून ठेवली. मास्तरांनी लांबी मोजली. रुंदी मोजली. त्यांना दोन्ही आकडे पाठ होते, तरी मोजली. खिशात शिवणाच्या खडूचा तुकडा होता. त्यांनी तो काढला आणि सोमवारी सांगायचा आकडा गॅलरीच्या फळीवर मोठा लिहिला. पाचशे अठ्ठावीस.

आकडा दारातूनही वाचता येत होता.