घेतलं

आमच्या ओडेल प्रुइटच्या हातून काहीही घ्यायचं म्हणजे आधी तोंड उघडावं लागे. जेवताना उकडलेल्या वालाचं भांडं पुढे करायचा, पण समोरचा "घेतलं" म्हणेपर्यंत सोडायचा नाही. त्याची बायको व्हर्ना माझी बहीण. तिच्या ते अंगवळणी पडलं होतं, मला मात्र तिडीक यायची. "अरे, वाल आहेत ते, बाँब नाही," मी एकदा म्हणालो. तो हसला, पण भांडं काही सोडलं नाही.

ही खोड त्याला सैन्याने लावली. व्हिएतनामात हेलिकॉप्टरं पडत होती आणि वैमानिक पुरत नव्हते. तेव्हा शाळा कशीबशी पास झालेल्या पोरांनाही वॉरंट ऑफिसर करून वैमानिक बनवायला लागले. वॉरंट ऑफिसर म्हणजे ना धड साहेब, ना धड शिपाई. त्याला नुसतं 'मिस्टर' म्हणायचं. आमच्या अलाबामातल्या लाकडाच्या गिरणीत फळ्या उचलणाऱ्या ओडेलला तेवढंही पुष्कळ होतं. उडवायचं शिक्षण जमलं नाही तर बंदूक घेऊन पायदळात जायचं, हे त्याला ठाऊक होतं.

शिकवणारा मास्तर शेजारच्या खुर्चीत छडी घेऊन बसे. हेलिकॉप्टर चालवायला दोन दांडे, दोघांपुढे एकेक, पण एकमेकांना जोडलेले. एकाने अडवला की दुसऱ्याचा हलत नाही. म्हणून ताबा देताना पहिल्याने "घे" म्हणायचं, दुसऱ्याने "घेतलं", मग पहिल्याने "घेतलंस" म्हणून हात काढायचा. एकदा ओडेलने काही न बोलताच हात काढला. हेलिकॉप्टर थेट पाइनच्या झाडांवर कललं. मास्तराने ते सावरलं आणि ओडेलच्या हेल्मेटवर छडी मोडेपर्यंत हाणली. उतरल्यावर कानाखाली ठेवून दिली ती वेगळीच. "दुसऱ्याने धरलंय असं दोघांनाही वाटतं आणि दोघेही मरतात," तो म्हणाला. ओडेल पुन्हा चुकला नाही. तो मिस्टर झाला, छातीवर वैमानिकाच्या पंखांचा बिल्ला लागला आणि महिन्याभरात लढाईवर गेला.

तिथे मिस्टर हॅस्केल त्याचा वरिष्ठ, शेजारच्या खुर्चीतला. एका सकाळी दोघं भाताच्या खाचरात जखमी उचलायला उतरले. शिपाई जखमींना मागे अक्षरशः फेकत होते. एकाचा पाय नुसत्या कातड्यावर लोंबत होता. तेवढ्यात झाडीतून मशीनगन सुरू झाली. दारातल्या गनरचं डोकं फुटून छताला उडालं. पुढची काच फुटली आणि हॅस्केलचा खालचा जबडा गेला.

माणूस जिवंत होता. डोळे उघडे, बोलायला तोंड नाही, आणि दांडा मुठीत घट्ट. ओडेल ओरडला, "घेतलं!" पुन्हा ओरडला. मूठ सुटेना, हेलिकॉप्टर उठेना. मागे पडलेल्या जखमींना पुन्हा गोळ्या लागत होत्या. एक जण आईला हाका मारत होता, त्याच्या हाका मध्येच थांबल्या. ओडेलने पिस्तूल उपसलं आणि दस्त्याने हॅस्केलची बोटं ठेचली. एकेक हाड मोडल्याचं त्याला हाताला जाणवलं. मूठ उघडली तेव्हा कुठे तो उडाला. हॅस्केल वाटभर त्याच्याकडे बघत होता, आणि आपला तळ दिसायच्या आत गेला.

जखमी बरेचसे वाचले. ओडेलला पदक मिळालं. रक्त धुताना मेकॅनिकने त्याला हॅस्केलच्या हेल्मेटची वायर दाखवली, त्या गोंगाटात एकमेकांचं ऐकू यायचं ते तिच्यातूनच. ती गोळीने तुटली होती.

लढाईनंतर ओडेल शेतांवर औषध फवारायचं विमान उडवायचा आणि मी ते दुरुस्त करायचो. एका दुपारी पंखाखाली बसून त्याने मला हे सांगितलं.

"तो भेदरला नव्हता रे. माझं 'घेतलं' ऐकू यायची वाट बघत होता. नियम पाळत होता बिचारा, आणि मी त्याची बोटं मोडली."

मी म्हणालो, तू नसतास तर सगळेच मेले असते. तो "हो" म्हणाला आणि पाना माझ्यापुढे धरला. त्या दिवशी मी मुकाट्याने "घेतलं" म्हणालो. त्या पदक देणाऱ्यांचा मला इतका संताप आला की उरलेला दिवस हाताला काम सुचलं नाही.

गेल्या वर्षी ओडेलला मेंदूचा झटका आला. वाचा गेली. इस्पितळात त्याने व्हर्नाचा हात असा आवळला की अंगठी रुतून रक्त आलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिने हात ओढून घेतला नाही. नर्स आली आणि त्याचं एकेक बोट मागे ओढायला लागली. ओडेलचे डोळे विस्फारले. मी त्या बाईचं मनगट धरून तिला बाजूला ढकललं. चुकलंच माझं, पण पुन्हाही तेच करेन.

"त्याच्या बोटांना हात लावायचा नाही," मी म्हणालो.

व्हर्ना वाकली. हेलिकॉप्टरांच्या आवाजाने त्याचा डावा कान बहिरा झाला होता. तिने उजव्या कानाला तोंड लावलं.

"ओडेल, घेतलं."

त्याचे ओठ हलले. 'घेतलंस' हा तिसरा शब्द काही त्याला म्हणता आला नाही, पण बोटं सुटली.