पडणाऱ्याला म्हणायचा शब्द

रेवा, नुसतं ऐक. प्रश्न नंतर.

काल दुपारी मी घरूनच काम करतेय. टेबलावर चहा, समोर त्या ब्राझीलसाठी करायच्या गेमची फाइल. डोंगर चढायचा गेम आहे, खेळताना पोरं बटणं दाबून एकमेकांशी बोलतात. इंग्रजीतले बारके बारके शब्द, ब्रो, चिल, माय बॅड, असले. ते आम्ही पोर्तुगीजमध्ये करायचे. सगळे शलाकाताईने केलेत. माझी सिनियर होती ना, मार्चमध्ये गेली ती. शेवटी शेवटी हॉस्पिटलच्या कॉटवर लॅपटॉप घेऊन हेच करत होती.

आता फाइल माझ्याकडे आलीये, पहिल्यांदाच एकटीकडे. आणि तिकडच्या रिव्ह्यूअरने एकच शब्द लाल केलाय. कोणी घसरलं की दुसऱ्याने दाबायचं बटण, 'आय गॉट यू'. ताईने लिहिलंय 'तो आकी', म्हणजे 'मी आहे इथे'. तो म्हणतो हे फारच साधं झालं, पोरं 'तामु झुंतु' म्हणतात, म्हणजे आपण एकत्र आहोत, असं काहीतरी. संध्याकाळपर्यंत बदला, नाहीतर कारण लिहा. कारण पटलं नाही तर फाइल दुसऱ्या कुणाकडे जाणार.

बदलायला किती वेळ लागतो गं? पण तो तिने केलेला शेवटचा शब्द. म्हणून मी नुसती बघत बसलेय. पंख्याचा आवाज लांब लांब जातोय,

आणि समोर ताई बसलीये. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये, नेहमीच्या टेबलाशी. मला काहीच वाटत नाही, म्हणजे ती गेलीये हे मला माहितीये, पण ते काही विशेष नाहीये.

तुला तिची पद्धत माहीत नाही. ती शब्द डिक्शनरीत बघून कधी पास करायची नाही. चहा पिता पिता अचानक तोंडावर फेकायची. समोरच्याने विचार न करता उत्तर दिलं तर शब्द पास, आणि मग ती स्वतःचा कप टेबलावर उपडा ठेवायची. कँटीनचे सदाभाऊ जाम वैतागायचे, सगळीकडे गोल डाग.

तर ती माझ्या ओढणीवर चहा सांडते आणि म्हणते, "फोय माऊ." म्हणजे माय बॅड, चुकलं माझं. मी लगेच म्हणते, "हेलाशा." म्हणजे जाऊ दे गं. ती मान हलवते. मग एकदम म्हणते,

"ते 'तो आकी' काढून टाक."

"का?"

"मी पडून होते तेव्हा लिहिलंय ते. मला जे ऐकायचं होतं तेच लिहिलं. खेळणारं पोरगं काय आजारी आहे?"

"मग चुकलंय का?"

"चुकलं नाही. रडकं आहे."

मी म्हणते, मी नाही बदलणार.

"का? मी मेले म्हणून?"

"हो."

"आणि कारण म्हणून हेच लिहिणारेस?"

ती कप घेऊन उठते, मी मागे. कँटीनचं दार उघडतं तर हॉस्पिटलचा जिना. फिनेलचा वास, सदाभाऊ फरशी पुसतायत, आम्ही ओल्यातूनच वर. जिन्याला कठडा नाही. थोडं वर गेल्यावर पायऱ्याही नाहीत, नुसता कातळ, पण ट्यूबलाइट तीच. ताई पुढे, पायात हॉस्पिटलच्या त्या निळ्या स्लिपर. पाठमोरी बोलतेय, की तामु झुंतु चांगलाय, मजेशीर आहे, पोरांना आवडेल, तू उगाच मला कवटाळून बसू नकोस.

आणि ती घसरते.

माझा हात पोचत नाही. तोंडातून निघतं, "तो आकी."

ती मागे न बघता म्हणते, "तो वेंदु." म्हणजे दिसतंय गं.

मग दोघीही थांबतो. कारण तिने विचार केलेला नसतो. ती कातळावर बसते आणि हसायला लागते, तसं खोकत खोकत, शेवटी हसायची ना, तसं.

"हरले," म्हणते. उरलेला चहा पिऊन टाकते, आणि कप

आणि मी टेबलावर डोकं ठेवून पडलेय, गालाला कीबोर्डचे ठसे. पंखा चालू. आई मावशीकडे गेलेली, घरात मी एकटी, दाराला आतून कडी. आणि माझा चहा, अर्धा प्यायचा राहिलेला माझा चहा, तो कप लॅपटॉपशेजारी उपडा. उचलला तर आत कोरडा. खाली टेबलावर एक गोल डाग, बास. एक थेंब सांडलेला नाही.

मी तो परत तसाच ठेवला. अजून तसाच आहे, ये बघायला.

मग फाइल उघडली. 'तो आकी' राहू दिलं. कारणाच्या बॉक्समध्ये लिहिलं, सहकाऱ्यासोबत तोंडी तपासलं आहे, लगेच उत्तर आलं. आणि पाठवून दिलं. त्याचं काही उत्तर नाही अजून. फाइल राहते का जाते, काय माहीत.

पण खोटं तर नाही ना लिहिलं मी? तू असतीस तर काय लिहिलं असतंस?