बनूआत्याने मोजलेली माणसं

अंबरनाथ पश्चिमेच्या दवाखान्यात शिरताना बनूआत्याने माझा हात धरला. २००६ च्या त्या महिन्यात तिने दोनदा गॅस चालू ठेवला होता. तिचा मुलगा भूपेशदादा मला म्हणाला, "उन्नती, तू घरीच आहेस, तिचं डोकं तपासून आण. डॉक्टर म्हणाले तर तिला माझ्याकडे कॅम्प चारला आणतो." चिखलोलीचं आपलं घर सुटणार, या धास्तीने आत्या आठ दिवस नीट जेवली नव्हती.

डॉक्टरांनी आधी वार विचारला. तो बरोबर आला. मग त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. पावसातली भातलावणी. वाकलेल्या चार बायका, नांगरामागे एक पुरुष, रोपांच्या जुड्या वाहणारा म्हातारा.

"आजी, माणसं किती?"

"सात."

मी पुन्हा मोजली. सहाच होती. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"परत मोजा बरं."

"सातच हायेत. तुमी शिकलेली माणसं, बांधावर बघतच नाय." ती उठून चित्राजवळ गेली. "हे पानांचं इरलं बघा. भर पावसात डोक्यावरचं काढून बांधावर कोण उपडं ठेवील? आनि ही शेवटची बाय उघडी भिजते. तिचंच हाय ते. खाली पोर निजवलंय."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"हिचा हात चालत नाय. बांधाकडं बघते. घाबरलीय. पावसात सापाला पन कोरडी जागा लागते." आत्याने चित्रातल्या इरल्यावर बोट ठेवलं. "तान्ह्या भूपेशच्या उशाशी मी बघितलाय, असाच इरल्याखाली. वेटोळं घालून. मंग लावनीला गेलेच नाय. कारखान्यात पॅकिंगला लागले. अठ्ठावीस वर्सं."

"मीच चुकलो, आजी," डॉक्टर हसले. "आणि गॅस?"

तिला खोटं बोलता आलं असतं.

"मीच इसरले. दोनदा नाय, चारदा. दोनदा कुनाला कळलं नाय."

बाहेर येताच तिने डॉक्टरांनी दिलेला कागद माझ्यापुढे धरला. "वाच, बाय."

"एकटं राहू देऊ नये."

"म्हंजे भूपेशकडं, कॅम्प चारला."

"नाही. मी येते चिखलोलीला राहायला."

ती पायरीवरच उभी राहिली. "आनि तुझं लगीन ठरल्यावर?"

रिक्षावाला कुठे जायचं विचारत होता. आत्याकडे न बघता मी चिखलोली सांगितलं.