महेमूदची किटली

परतूर स्टेशनची दगडी इमारत निजामाच्या काळातली. बद्रीनाथ त्या मानाने अलीकडचे. त्यांनी तिथे एकतीस वर्षं घंटा दिली. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की मास्तरांच्या खोलीतल्या यंत्रात दोन ठोके पडत. बद्रीनाथ पायात चप्पल सरकवून उठत, टोल देत, आणि आष्टीकडची माणसं पिशव्या उचलत.

ते निवृत्त झाले आणि रूळ मुका झाला. आता कर्ण्यातून एक बाई तीन भाषांत बोलते. एवढं बोलणाऱ्यावर आमच्या लोकांचा विश्वास बसत नाही. ते महेमूद चहावाल्याकडे बघतात. त्याने मोठी किटली चढवली की गाडी आलीच.

बाईबद्दल बद्रीनाथांची तक्रार नव्हती. पण किटली? लोक महेमूदला विचारतात, "गाडी कुठवर आली, भाई?" आणि बद्रीनाथांना म्हणतात, "जरा सरका." चपला काढून, मास्तरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर मांडी घालून, ते रोज महेमूद चुकायची वाट बघत. आठ वर्षांत तो चुकला नाही. हे काही बऱ्या माणसाचं लक्षण नव्हे, असं त्यांचं मत होतं.

परवा मंगळवारी गोजरबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, जालन्याला डोळे दाखवायचे होते. किटली चढली. लोक उठले, गोजरबाईही उठल्या.

"बस खाली," बद्रीनाथ म्हणाले. "चहावाल्याचं काय ऐकून राह्यली? मी सांगंल तवा ऊठ."

"गाडी येऊन राह्यली, काका," महेमूद म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

महेमूद कप विसळू लागला. गोजरबाई बसल्या, चाळीस वर्षांची सवय. गाडी पलीकडच्या फलाटावर लागली आणि गोजरबाई पुलाच्या मधोमध असताना सुटली.

गोजरबाई परत आल्या, बद्रीनाथ बाकावरच होते. महेमूदने दोघांपुढे चहा ठेवला. "काका, मला ते आतले ठोके बिलकुल ऐकू येत न्हाईत. तुमचे पाय चपलीत गेले की मी किटली चढवतो."

बद्रीनाथांनी खाली पाहिलं. चपला पायातच होत्या.

"पायाला कळलं व्हतं," गोजरबाई म्हणाल्या. "मंग तोंडाला काय झाल्तं?"

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ अनवाणी आले आणि घट्ट मांडी घालून बसले. दुपारी आत दोन ठोके पडले. मांडी सुटली, पाय बाकाखाली चपला चाचपडू लागले.

समोर महेमूदने किटली चढवली.