मंग ऑटो लिह ना, बाई

१. तायडे मॅडम सोमवारी सकाळी गेल्या. अकोल्यात, जठारपेठेतल्या त्यांच्या घरी. हार्ट अटॅक.
२. आदल्याच दिवशी त्यांनी रविवारचा वर्ग घेतला होता.
३. पातूरच्या एका मुलीचा नंबर त्या दिवशी लागला नाही. "तू पुढच्या रविवारी," मॅडम तिला म्हणाल्या.

जे त्यांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: मॅडम शाळेत इंग्रजी शिकवायच्या. रिटायर झाल्यावर त्या दर रविवारी पुढच्या खोलीत मुलांना घेऊन बसायच्या. परदेशी विद्यापीठांकडे आर्थिक मदत मागणारी, आमच्यासारखी मुलं.

आमच्या सगळ्यांची चूक एकच असायची.
आम्ही अर्ज लग्नाच्या बायोडाटासारखा लिहायचो.

घरची ऐपत थोडी वाढवून. मामांच्या नोकरीसकट.

मी लिहिलं होतं, वडील ट्रान्सपोर्ट व्यवसायात आहेत.

"किती ट्रक हायेत बाबाचे?"
"ट्रक नाही मॅडम. ऑटो आहे. बडनेरा स्टेशनवर."
"मंग ऑटो लिह ना, बाई! अन् हे मामा तहसीलमधी हायेत, ते कायले? मामा फी भरून राह्यले का?"
"नाही."
"तुले तिकडे शिकाले जायचं हाय का नांदाले?"

खोलीतले सगळे हसले. मी नाही.

घरात कमी पडतं हे बाहेर कळू नये, म्हणून आमचे आईवडील आयुष्यभर जपतात. पाहुणे आले की साखर मागच्या दारानं शेजारून येते.
आणि मदतीच्या अर्जात नेमकं तेच सांगायचं असतं.
फसवायचं म्हणून नाही, सवयीनं आम्ही झाकायचो. वाचणाऱ्याला वाटायचं, यांचं तर बरं चाललंय.

म्हणून मॅडमची पद्धत: लॅपटॉप बंद. समोर बसून आधी सगळं आपल्या बोलीत सांगायचं.
"लपवाचं नाई. रडाचं बी नाई. काय हाय, काय नाई, तेवढं सांग."
इंग्रजी त्यानंतर.

पुढच्या रविवारी त्यांनी बाबांना बोलावलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या कडेवर बसले.

"भाऊ, पोरगी तुमच्या घरचं लिहून राह्यली. ते तुमचंबी हाय. तुमी हो म्हणसान तरच अर्ज जाईन."

बाबांनी वर पंख्याकडे बघितलं.

"लिहा. पण ऑटो माहा सोताचा हाय, किरायाचा नाई. तेवढं टाका."

माझ्या अर्जाचं पहिलं वाक्य तेच झालं. मदत मिळाली. हे मी त्याच विद्यापीठाच्या लॅबमध्ये बसून लिहितेय.

(पोस्ट आधी बाबांना फोनवर वाचून दाखवली. "किरायाचा नाई, हे लिहिलं ना? मंग टाक.")

आता पातूरची मुलगी.

तिला प्रवेश मिळालाय. मदतीचं ठरायचंय. त्यासाठीचा व्हिडिओ इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहे. मदत नाही मिळाली, तर प्रवेश सोडावा लागेल.

तिच्या घरचं इथे काही लिहीत नाही. नावही नाही. तिच्या आईला अजून कोणी विचारलेलं नाही. ते मॅडम या रविवारी विचारणार होत्या.

इंग्रजी मी इथून बघेन. पण घरचं पहिल्यांदा सांगताना समोर माणूस लागतो, स्क्रीन नाही. हे मी स्वतः अनुभवलंय.
मॅडमच्या घराला सध्या कुलूप आहे.

म्हणून वर्गातले जे आज अकोल्यात किंवा अमरावतीत आहेत, त्यांना विचारते. रविवारी सकाळी एक खोली हवी. आणि एक माणूस, जो आधी तिच्या आईची परवानगी घेईल आणि मग मुलीचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसेल.

मॅडम, निघा तुम्ही. बाकीचं आम्ही बघतो.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा. हो किंवा नाही. "पाहू" लिहू नका. ते मॅडमना चालायचं नाही.