सुनंदाचं गाणं तिच्याच गावात ऐकताना

सुनंदा स्वतः गाणी लिहिते, स्वतःच चाली लावते आणि खंजिरी वाजवत एकटीच गाते. डोक्यावर कुठल्या संगीत कंपनीचा हात नाही. पुण्यात एका छोट्या कार्यक्रमात तिला ऐकलं आणि मी तिच्या प्रेमातच पडले. "एवढी वर्षं गाते ताई, पण आमच्या गावानं मले एकदाबी बोलावलं नाही," असं ती तेव्हा म्हणाली होती. यंदा तिचा फोन आला, "बोलावलं! येता का?" मी नवऱ्याला न विचारताच तिकीट काढलं.

पुणे-यवतमाळ बस अंग मोडून काढते, हे मी आधीच सांगून ठेवते. उतरल्यावर स्टँडसमोर तर्री-पोहे खाल्ले. नाका-डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागवली. पुढे आर्णीपर्यंत एसटी. बायकांना अर्धं तिकीट. दोन्हीकडे फुटलेला कापूस आणि शेंगांनी लगडलेली तूर. आर्णीहून गावाला ऑटो मिळतो, पण भरल्याशिवाय तो हलत नाही, तेव्हा घाईत असाल तर जाऊच नका.

सुनंदाच्या आईने सोल्यांची भाजी आणि गरम भाकरी वाढली. तुरीचे ओले दाणे इतके गोड लागतात हे मला ठाऊकच नव्हतं. सुनंदाने मात्र घासही घेतला नाही.

"आमच्याकडं गाणारा ध्रुपद, म्हंजे पालुपद, म्हणते, मंग मंडळ ते उचलते," ती म्हणाली. "नाही उचललं तं समजायचं, गाणं गावाले पटलं नाही."

आणि भजन मंडळाचे प्रमुख होते तिचे वडील, महादेवकाका. लेकीने देवाची गाणी सोडून स्वतःची लिहायला घेतल्यापासून त्यांनी तिला कधी साथ केली नव्हती.

संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर सतरंज्या पडल्या. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर खंजिऱ्या शेकून झाल्या. सुनंदाने सूर लावला, "वेचता वेचता कापूस माय, ओटी झाली जड..."

एक कडवं झालं. मंडळ गप्प. दुसरं झालं, तरी गप्पच. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी करवादली, "काव पोरी, समदं तूच म्हनशीन तं आमी काय म्हनाव? जागा तं सोड!"

सुनंदाने जीभ चावली. शहरात ध्रुपद उचलणारं कोणी नसतं, म्हणून दम न घेता तेही स्वतःच म्हणायची सवय तिला लागली होती. मंडळाला वाटलं, हिला आपली साथ नकोच. तिने पुन्हा ती ओळ म्हटली आणि थांबली.

मग महादेवकाकांची खंजिरी कडाडली. त्यांनी ओळ उचलली, मागून मंडळाने, मग सगळ्या बायकांनी. अख्खं गाव कापूस वेचणाऱ्या त्या बाईचं गाणं गात होतं. मोठमोठ्या मैफली ऐकल्यात मी, पण असं काही ऐकलं नव्हतं. मी रडले, सरळ सांगते.

घरी आल्यावर काका एवढंच बोलले, "पोरी, हे गानं आता तुयं राह्यलं नाही." मी चरकलेच. सुनंदाने मात्र त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

पुण्याला परतून काही आठवडे झालेत. भाजी चिरताना ती ओळ आपोआप तोंडात येते. परवा सुनंदाचा फोन आला. मंडळाने नेर तालुक्यातल्या एका गावात तिचं गाणं म्हटलं, वर एक कडवं आपलंच जोडलं.

"आणि तुझं नाव?" मी तावातावाने विचारलं.

"नाही घेतलं," ती खळखळून हसली. "अवो ताई, मंग एवढी वर्षं मी याच्यासाठीच नाही तं कायले गाऊन राह्यलती?"