ऊन पडलंय, म्हणूनच थांब

घणसोलीतल्या ट्रेकर मंडळींनो, आज मी तुमच्यावरही चिडले आहे.

सकाळी माझ्या भाच्याने, रोहनने, हिमाचलमधून व्हिडिओ कॉल केला. दोन दिवस बर्फ पडून नुकतंच लख्ख ऊन आलं होतं. गाइड उतारावर न्यायला तयार नव्हता आणि आमचे भाचेराव त्याला सगळ्यांसमोर भित्रा म्हणत होते.

"मावशी, तूच सांग याला. ऊन पडलं की निघायचं, हे तूच शिकवलंस ना?"

शिकवलं होतं. त्याचं बोट धरून सह्याद्रीत फिरवताना. ऊन पडलं की कातळ सुकतो, पाय घसरत नाही.

गाइड शांतपणे म्हणाला, "आंटीजी, धूप लगते ही नई बर्फ ढीली होती है. पूरी ढलान नीचे आ सकती है."

"रोहन, मला कातळ कळतो, बर्फ नाही. तुलाही नाही. आधी त्याची माफी माग."

त्याने फोन कट केला.

मंडळी, रोहनसारखंच इथल्या चार किल्ल्यांच्या जोरावर तिथल्या माणसाला भित्रा म्हणायला तुमची जीभ वळते तरी कशी?

दोन तास फोन हातातून सुटला नाही. मग मेसेज आला: "हॉटेलवरच आहोत. सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस. आता माझ्याशी बोलू नकोस."

नाही बोलत, राजा. घरी ये आणि माझ्यासमोर बसून अबोला धर.